बोरमळ्याची फळी

बोरमळ्याचं दार बंद होतं आणि मळ्यात पाणी होतं.

जगदीश बोरसे चारीच्या काठावर मोबाइल धरून उभा होता. दार बघायला तो आला नव्हता. त्याच्या मुलीनं, केतकीनं, मळ्याचे चार फोटो मागितले होते. नाशिकची एक कंपनी करारानं शेतं घ्यायची आणि तिथं बसूनच ती कसायची. पेरायला यंत्र यायचं, कापायला यंत्र यायचं, मालकानं फक्त सही करायची. "पप्पा, तसंही तुम्ही तिकडे करता काय? सगळं आपोआपच होतंय ना? इकडे या राहायला," केतकी म्हणाली होती. त्यात खोटं काही नव्हतं. त्याची बायको शैला दिवाळीच्या आधी वारली. त्यानंतर जगदीश मळ्यात फारसा फिरकलाच नव्हता, आणि गहू त्याच्यावाचून चांगला वाढला होता. ओंब्या बाहेर पडल्या होत्या, दाणा दुधात होता.

फोटोत दारही यावं म्हणून तो खाली वाकला. तेव्हा त्याला ते मातीचं घर दिसलं.

दार म्हणजे चारीतून मळ्यात पाणी घ्यायची लोखंडी झडप. वर छोटी मोटर, तिच्यावर सौर पत्रा. झडपेच्या खाचेत कुंभारमाशीनं घर बांधलं होतं. मातीच्या नळ्या एकीला एक चिकटलेल्या. काही फुटून आतली पिल्लं कधीच उडून गेलेली, कडा वाळून पांढऱ्या पडलेल्या. झडप एकदा जरी वर गेली असती तरी त्या घराचा चुरा झाला असता. म्हणजे हे दार हिवाळाभर उघडलंच नव्हतं. आणि त्याच्या चपलांना तर चिखल लागला होता.

पाण्याच्या मागानं तो बांधाबांधानं गेला. बोरमळा आणि शेजारचा चिंचमळा एका पातळीत आहेत. मधल्या बांधात एक लहान आडदार आहे. ते ओलं होतं, खाली हिरवं शेवाळ धरलं होतं. पलीकडे चिंचमळ्यातला गहू बघितला आणि जगदीश तिथंच थांबला.

पिंपळदऱ्यात फडाची शेती आहे. पांझरा नदीवरच्या जुन्या बंधाऱ्याचं पाणी चार फडांना, म्हणजे शेतांच्या चार पट्ट्यांना, मिळतं, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं हा तिथला पूर्वापार नेम. बियाणं एक, पेरणीचा आठवडा एक. त्यामुळे कोणाचं पीक कसं आहे ते झाकून राहत नाही. बोरमळ्याचा गहू कमरेला लागत होता. चिंचमळ्याचा मांडीपर्यंतही आला नव्हता. पानांची टोकं पिवळी पडली होती आणि ओंब्या जेमतेम बोटाएवढ्या.

चिंचमळा सिंधूबाई देवरेंचा. त्यांचे यजमान उत्तमराव बांधावर बसून विळ्याला धार लावत होते.

"काय नाना, फोटो काढताय? आमच्या गव्हाचा नका काढू. बिचारा लाजतो."

"अण्णा, पाणी कमी पडतंय का तुम्हाला?"

"बंधाऱ्यातच कमी आहे औंदा."

"माझ्या मळ्यात तर चिखल आहे."

"मग चांगलंच आहे की." उत्तमरावांनी विळ्याची धार अंगठ्यावर घासून बघितली. "उद्याची पाळी शेवटची. त्यात दाणा भरला तर भरला."

"आणि नाही भरला तर?"

"तर म्हशी खूश." ते उठले. "मला जास्त विचारू नका नाना. बोललो तर घरी चहा बंद होईल. तुमचं ते यंत्र आहे ना बंधाऱ्यावर, त्यालाच विचारा."

*

पिंपळदऱ्याची दारं बोलकी होऊन आता बरीच वर्षं झाली होती. पूर्वी पाटकरी खांद्यावर फावडं टाकून चारीचारीनं फिरायचा आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दाराची लाकडी फळी उचलून द्यायचा. मग झडपांना मोटरी बसल्या, जमिनीत ओल मोजणाऱ्या सळया रोवल्या गेल्या, आणि दारं एकमेकांशी बिनतारी बोलू लागली. बंधाऱ्यात पाणी किती, कोणाची पाळी कुठवर आली, कुठं चारी फुटली, हे ती आपसांत सांगायची आणि आपणच उघडझाप करायची. कोणतं शेत किती तहानलेलं आहे हेही त्यांना कळायचं, पण पाळी मोडायची परवानगी फड समितीनं त्यांना दिली नव्हती. पाणी वाटायचा हक्क यंत्राला दिला तरी रिवाज आपलाच राहील, असं त्या वेळी सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं.

बोलायचं तर नाव हवं. संगणकांच्या जगात या नावाला होस्टनेम म्हणतात आणि त्याचे नियम फार जुने आहेत. रोमन लिपीतली अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते. रेघ सुरुवातीला नको, शेवटी नको. मोकळी जागा नको, दुसरी चिन्हं नकोत. एक नाव दुसऱ्याच्या हाताखाली ठेवायचं असेल तर मधे टिंब द्यायचं. पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी मत्स्यतळ्याचं यंत्र भलतंसलतं नाव घेऊन दारांच्या बोलण्यात घुसलं, आणि बावचळलेली दारं दिवसभर उघडीच राहिली. त्यानंतर समितीनं बंधाऱ्यावरच्या संगणकात एक राखणदार बसवला. तो म्हणजे काही ओळींची शेल स्क्रिप्ट, संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. येणारं प्रत्येक नाव नमुन्याशी जुळवून बघायचं, जुळलं तर आत, नाही तर बाहेर. दारं नवनवीन शिकत गेली, पण राखणदार साधाच ठेवला, म्हणजे काही चुकलं तर माणसाला वाचून कळावं. जगदीशनं धुळ्यातल्या एका बँकेच्या संगणक खोलीत नोकरी केली होती, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं.

टिंबाची सोय त्यानंच केली होती, आणि ती सुतकासाठी होती.

ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. पिंपळदऱ्यात पाण्याचंही तसंच. सुतक असलेलं घर फडाच्या पाळीतलं पाणी घेत नाही. ती पाळी बाकीच्यांत वाटली जाते, आणि शेजारी आपल्या वाट्यातलं पाणी आडदारानं त्याच्या शेतात सोडतो. जुन्या काळी शेजारी त्या घराची फळी काढून आपल्या भिंतीला टेकवून ठेवायचा. दिवस झाले, मन थोडं ताळ्यावर आलं, की घरधनी स्वतः जायचा आणि म्हणायचा, फळी द्या. मग चहा व्हायचा आणि फळी परत मिळायची. आता फळ्या नव्हत्या. आता शेजाऱ्याच्या मोबाइलवर एक खूण असायची. ती दाबली की पाळीला आडदार उघडायचं आणि सुतकी घराचं नाव शेजाऱ्याच्या नावाखाली जायचं. मराठीत लिहायचं तर बोरमळा.चिंचमळा. परत दाबली की सुटायचं.

शैला गेली त्या दिवशी सिंधूबाईंनी ती खूण दाबली होती, हे जगदीशला माहीत होतं. तेराव्यानंतर केतकी त्याला नाशिकला घेऊन गेली. तो परत आला तेव्हा त्यानं राखणदाराला एकदा विचारलं होतं: बोरमळा हजर आहे का? उत्तर आलं होतं: आहे. वहिनींनी आपणहून दार परत दिलं असेल, असं त्यानं धरलं. गहू वाढत गेला आणि ते धरलेलं पक्कं होत गेलं.

बंधाऱ्यावरच्या खोलीत बसून त्यानं तोच प्रश्न पुन्हा टाइप केला. उत्तर आलं: आहे.

मग त्यानं हुकूम थोडा बदलला. नुसतं आहे म्हणू नको, कोणतं नाव सापडलं ते दाखव. पडद्यावर पूर्ण नाव आलं. त्याच्या मळ्याचं नाव, टिंब, आणि पुढं चिंचमळा.

जगदीशनं स्वतःच्याच ओळीकडे बघितलं आणि त्याला कळलं.

नमुना जुळवायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत नमुना सगळ्या नावावर बसावा लागतो, साच्यात वीट बसते तसा. दुसरीत तो नावात कुठंही सापडला तरी काम झालं, उत्तर होकारार्थी. या दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण नाव तपासायचं असेल तर नमुन्याच्या आधी एक खूण आणि शेवटी एक खूण ठोकावी लागते, की नाव इथं सुरू झालं आणि इथं संपलं. मोजणीच्या वेळी दोरीच्या दोन्ही टोकांना खुंटी मारतात, तसंच. नावाची घडण तपासणारी त्याची ओळ पहिल्या तऱ्हेची होती, ती चोख होती. कोण हजर आहे हे बघणारी ओळ त्यानं नंतर घाईत जोडली, ती दुसऱ्या तऱ्हेची. तिला खुंट्या मारायच्या राहिल्या होत्या. म्हणून बोरमळा शोधताना राखणदाराला तो चिंचमळ्याच्या कडेवर बसलेला सापडला आणि त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, आहे.

एवढ्या दिवसांत प्रत्येक पाळीला सिंधूबाईंच्या वाट्यातलं अर्ध्याहून जास्त पाणी बोरमळ्यात गेलं होतं. रिवाजात हे एखाद्या पाळीपुरतं असायचं. इथं सबंध रब्बी गेली होती. आणि उद्याची पाळी शेवटची होती.

त्यानं दोन खुंट्या मारल्या, पुन्हा विचारलं. उत्तर आलं: नाही.

जगदीश थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला. मग खोलीला कुलूप लावून देवऱ्यांच्या घराकडे निघाला.

*

सिंधूबाई अंगणात बिबड्या थापत होत्या. खाटेवर धोतर पसरलेलं, त्यावर ज्वारीचे हे पापड ओळीनं वाळत होते.

"बाजूला व्हा जगुभाऊ, सावली पडते त्यांच्यावर."

तो बाजूला झाला. "वहिनी, बोरमळा तुमच्याकडे आहे."

"आहे की."

"मला माहीतच नव्हतं."

"ते यंत्र लिहिलं तुम्ही, आणि तुम्हालाच माहीत नाही? आमच्या यांच्यासारखं झालं. चष्मा डोक्यावर आणि घर पालथं घालायचं."

ओसरीवरून उत्तमराव म्हणाले, "एकदाच झालं होतं ते."

"गेल्या आठवड्यात एकदा झालं होतं."

जगदीश हसला नाही. "तुमचा गहू बघितला मी. तो जायला आलाय."

"दिसतोय मला. डोळे आहेत."

"मग सांगायचं ना. एक फोन करायचा. नाहीतर सोडून द्यायचं दार, बटण तुमच्याच हातात होतं."

सिंधूबाईंनी हातातला गोळा थाळीत ठेवला. "काय सांगायचं? जगुभाऊ, तुमचं रडून झालं असेल तर या आता, असं सांगू? असं कोणी कोणाला सांगतं का? फळी मागायची असते. आपणहून नेऊन टाकायची नसते कोणाच्या दारात."

"पण एवढे दिवस."

"मी म्हटलं, याचं अजून व्हायचंय. शैलाला जाऊन दिवस तरी किती झाले? कोणाचं लवकर होतं, कोणाचं उशिरा." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "गहू काय, एक साल गेला तर पुढल्या साली परत पेरता येतो."

उत्तमराव उठून आत गेले आणि चहाचं भांडं वाजलं.

जगदीशला वाटलं होतं की येऊन दोन शब्द बोलायचे आणि दार घ्यायचं, यात अवघड काय आहे. पण ते दोन शब्द तोंडात येईनात. दार सिंधूबाईंकडे होतं तोवर गावात कोणीतरी शैलाचं सुतक धरून होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं तरी ते धरलेलं होतं. आता त्यानं मागितलं की ते सुटणार. घरी गेल्यावर पलीकडची खाट तशीच राहणार, पण गावापुरतं संपणार. एक क्षण त्याच्या मनात आलं, राहू द्यावं, कंपनीशी करार झाला की दाराचं काय ते त्यांचं ते बघतील.

"आणि मागून देणार कोणाला?" सिंधूबाईंनी जणू ऐकलंच होतं. "कंपनीला? केतकीचा फोन आला होता मला."

"तुम्हाला कशाला केला?"

"काकू, पप्पांना समजवा म्हणून. मी म्हटलं, समजवते. आता समजवते. घ्या दार आणि द्या कंपनीला, तुमचा मळा आहे. फक्त मला एवढं विचारून सांगा, कंपनीत कोणी गेलं तर बोरमळ्याला पाणी मी सोडायचं का? आणि आमच्याकडे कोणी गेलं तर ते नाशिकहून सोडतील का?"

"मी म्हातारा आहे इथं," उत्तमराव आतून ओरडले. "माझ्यावरून हिशेब नको."

या वेळी जगदीशला हसू आलं. हसता हसताच तो बोलून गेला, "फळी द्या, वहिनी."

सिंधूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग हाक मारली, "अहो, माझा मोबाइल आणा."

मोबाइल आला, पण पिठाच्या बोटाला पडदा दाद देईना. उत्तमरावांनी चष्मा शोधला, तो खरंच डोक्यावर होता, आणि मग त्यांनी बायकोचं बोट पुसून पडद्यावर टेकवलं. एक बारीक आवाज झाला. तिकडं फडात बोरमळ्याच्या दाराला त्याचं स्वतःचं नाव परत मिळालं.

चहा पिऊन झाल्यावर सिंधूबाईंनी त्याला बिबडीचा ओला गोळा तेल टाकून खायला दिला. शैलाला तो आवडायचा, आणि ती दरवर्षी इथं बसून थापण्यापेक्षा खायचीच जास्त, असं त्या म्हणाल्या. जगदीशला ही गोष्ट माहीत नव्हती. त्यानं आणखी एक गोळा मागितला.

घरी जाताना तो मळ्यावरून गेला आणि खुरप्यानं झडपेची खाच साफ केली.

*

सकाळी फडाला पाणी सुटलं. चिंचमळ्याचं आणि बोरमळ्याचं दार शेजारशेजारी असल्यानं एकामागोमाग उघडलं. बोरमळ्याच्या मोटरनं आधी दोनदा गुरगुर केली, झडप अडखळली, मग वर गेली. जगदीश फावडं घेऊन आडदाराशी उभा होता. पाणी बांधाला लागलं तसा त्यानं आडदाराच्या बाजूला पहिला घाव घातला.

"अहो नाना, काय करता?" उत्तमराव धावत आले.

"माझा गहू भरलाय, अण्णा. आज त्याला घोटभर पुरेल. बाकीचं घ्या तुम्ही."

"मग बटण दाबा की. बांध कशाला फोडता?"

"बटण सुतकासाठी आहे. आता सुतक कोणालाच नाही, राखणदार ते नाव आत घेणार नाही. मीच त्याला तसं शिकवलंय."

उत्तमरावांनी कपाळावर हात मारला, मग सदऱ्याच्या बाह्या वर करून तेही माती ओढू लागले. बांध फुटला आणि पाणी चिंचमळ्यात शिरलं. कोरड्या जमिनीनं पहिला लोट गिळून टाकला, दुसरा पुढं सरकला.

"यंत्राला कळेल की हे," उत्तमराव म्हणाले.

"कळेल. तिकडे ओल एवढी कशी वाढली म्हणून विचारेल."

"मग काय सांगणार?"

"शेजारी आहेत म्हणून सांगेन."

सिंधूबाई डोक्यावर पदर घेऊन बांधावरून येत होत्या. फुटलेला बांध बघून त्यांनी चपला काढून बांधावर ठेवल्या आणि पाण्यात उतरल्या.

"नाना, मला एक सुचलंय," उत्तमराव म्हणाले. "तुमच्या त्या राखणदारात असं करून टाका ना. तेरावा झाला की दार आपोआप परत. मग कोणाला विसरायचं भय नको, मागायचा संकोच नको."

"करता येईल. एका ओळीचं काम आहे."

"मग?"

"रात्रभर तोच विचार केला," जगदीश म्हणाला. "नाही करणार. तेराव्याला माझं दार आपोआप उघडलं असतं, तर मी इथं आलोच नसतो. कालपर्यंत मला वाटत होतं मळा आपोआप चालतोय. कंपनीला देऊन टाकत होतो."

"म्हणजे जसं आहे तसंच?"

"एक बदल केलाय. दिवस झाल्यावर राखणदार घरधन्याला सांगेल, तुझी फळी अमक्यांकडे आहे. एवढंच. जायचं कधी, ते ज्याचं त्यानं ठरवावं."

"आणि कोणी गेलंच नाही तर?" सिंधूबाईंनी विचारलं.

"तर शेजाऱ्यानं त्याच्या घरी बिबड्या पाठवाव्यात. आपला मळा वाळताना बघत बसू नये."

"बघा हो," सिंधूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मलाच शिकवतो आता."

मोबाइल वाजला. केतकी होती. जगदीशनं एका हातानं फावडं धरून दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"पप्पा, फोटो नाही पाठवले तुम्ही. त्या लोकांना आज द्यायचेत."

"नाही पाठवत. त्यांना नको म्हणून सांग."

"म्हणजे? अहो, परवा तर हो म्हणालात. काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?"

"बरा आहे. पाण्यात उभा आहे."

"पाण्यात कशाला उभे आहात? आपोआप होतं ना ते?"

"नव्हतं होत. वहिनी करत होत्या. संध्याकाळी सगळं सांगतो." त्यानं फावडं चिखलात रोवलं. "आणि पोरांना सुट्टी लागली की इकडे घेऊन ये. गव्हाचा हुरडा संपेल, पण बिबड्या असतील."

केतकी म्हणाली, "काकू आहेत का तिथं? द्या त्यांना."

त्यानं फोन सिंधूबाईंकडे दिला. त्यांनी तो ओल्या हातानं कानापासून दोन बोटं लांब धरला आणि मोठ्यानं बोलू लागल्या. चिंचमळ्याच्या मध्यावर पाणी एका ढेकळाशी अडून फुगत होतं. जगदीशनं फावडं उचललं, ढेकूळ फोडलं, आणि पाण्याच्या पुढं पुढं वाट मोकळी करत शेवटच्या वाफ्याकडे चालू लागला.